खापर नव्या सुनेवर!

“ताई, लवकर या की! लॅपटॉप पुन्हा आपोआप बंद झाला न् आपोआप चालू झाला. सकाळधरनं सहावी खेप!”

२०२५ च्या डिसेंबरातला पहिला आठवडा. सकाळचे साडेदहा वाजलेले. ह्यांचा डबा भरून, ओटा पुसून मी नुकती कुठे टेकले होते, तोच केंद्रावरून हा फोन. माझ्या पोटात गोळाच आला. संक्रांत दीड महिन्यावर आलेली. तीळ लावलेल्या बाजरीच्या कडक भाकरीची आणि शेंगाचटणीची मागणी सुरू झालेली. त्यात बँकेनं गटाच्या कर्जासाठी तीन वर्षांचा हिशेब मागितलेला, तोही पंधरा दिवसांत. आणि तो सगळा हिशेब त्या लॅपटॉपमध्ये!

मैत्रिणींनो, आमचा बचत गट सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. आम्ही बाराजणी. कुणी भाकरी थापते, कुणी शेंगा भाजते, कुणी पाकिटं भरते. मी बी.ए., तेही मराठी घेऊन. त्यामुळे अर्ज लिहिणं, बँकेत जाणं, साहेबांशी बोलणं ही कामं माझ्याकडे. लॅपटॉप मात्र माझ्या प्रांतातला नव्हता. पुण्याच्या माझ्या भाच्यानं त्याला नवा घेतल्यावर जुना आम्हाला दिला होता. आम्ही त्याला हार घातला, उदबत्ती ओवाळली आणि फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला! तो उघडून रोजच्या वापरात आणला तो आमच्या सूनबाईनं.

तिचं नाव सांगत नाही, तिला आपण सूनबाईच म्हणू या. लातूरकडची पोर. गटातल्या एका मावशींची धाकटी सून. लग्नाआधी एमएस-सीआयटी केलेलं. तिनं आमच्या सगळ्या वह्या संगणकात चढवल्या. मावशींना ते फारसं पसंत नव्हतं. “दुपारच्याला तासभर जा, पण भांडी पडली नाही पायजेत,” या बोलीवर तिला परवानगी मिळाली होती.

लिनक्स घरी आलं, त्याची गोष्ट

ऑक्टोबरात भाच्याचा फोन आला. “आत्या, तुमच्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे ना? त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉप चालणं काही बंद होणार नाही. पण दाराचं कुलूप जुनं झालं आणि कुलूपवाल्यानं दुरुस्ती थांबवली, असं समज.”

“मग नवं विंडोज टाकू या.”

“ते या जुन्या लॅपटॉपवर नीट बसत नाही. त्यापेक्षा लिनक्स टाका. फुकट आहे आणि जुन्या यंत्रावरही चांगलं चालतं.”

फुकट म्हटल्यावर मला आधी संशयच आला. आपल्याकडे फुकट मिळतं त्याची किंमत मागून वसूल होते! पण भाच्यानं समजावून सांगितलं ते फार आवडलं. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, संगणक चालवणारी मूळ यंत्रणा. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं तिची सुरुवात केली आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. मग जगभरच्या लोकांनी तीत भर घातली. आपल्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही लिनक्सच आहे. म्हणजे ज्याला आपण परकं समजतो, ते केव्हाच आपल्या कनवटीला येऊन बसलंय!

लिनक्सची घराणी पुष्कळ. आम्ही टाकलं ते लिनक्स मिंट. मिंटचं माहेर उबुंटू, आणि उबुंटूचं माहेर डेबियन. या डेबियन नावाची गंमत ऐका. १९९३ साली इयन मरडॉक नावाच्या तरुणानं ते सुरू केलं आणि नाव ठेवताना आपल्या मैत्रिणीचं, डेब्राचं नाव आधी घेतलं आणि आपलं मागून. डेब्रा अधिक इयन, डेबियन! आपल्याकडे लग्नात बायकोचं नाव तांदळात गिरवून बदलतात. हे ऐकून सूनबाई खुदकन हसली होती.

२९ नोव्हेंबरला, शनिवारी, आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर तिनं लिनक्स टाकलं. भाचा फोनवर होता. आधी पेनड्राइव्ह तयार केला, मग लॅपटॉप त्यावरून सुरू केला. तास-दीड तासात काम फत्ते. दुपारभर आम्ही दोघी त्यावर खेळत बसलो. आमच्या एक्सेलच्या फायली त्यातल्या लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या, मराठी टाइप झालं, चटणीचं लेबलही छापून पाहिलं. संध्याकाळी पाचपर्यंत लॅपटॉप एकदाही कुरकुरला नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी मात्र ते विसरले होते आणि तिथेच सगळं चुकलं.

सोमवारी सुरू झाला धिंगाणा

सोमवारी केंद्रावर लॅपटॉप लावला. हिरवट चिन्ह आलं, पडदा आला, सूनबाईनं हिशेबाची फाइल उघडली आणि... खट्! पडदा काळा. पुन्हा कंपनीचं नाव, पुन्हा हिरवट चिन्ह. कधी चिन्हावरच परत फिरायचा, कधी दहा मिनिटं शहाण्यासारखा चालायचा आणि मग एकदम पाठ फिरवायचा. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. बुधवारचा तो साडेदहाचा फोन, जो मी सुरुवातीला सांगितला.

मी केंद्रावर पोचले तेव्हा सभाच भरली होती.

“चांगलं चाललेलं यंत्र कशापायी उसकटायचं म्हणते मी!”

“फुकटचं काय टाकलंय त्यात कुणास ठाऊक.”

“आता बँकेला काय दाखवायचं?”

आणि सगळ्यात मोठ्या आवाजात मावशी. “मी हिला सांगितलंच हुतं, लोकाच्या वस्तूला हात लावू नको म्हणून. शिकलेल्या सुनंचे हे असले थेर!”

सूनबाई कोपऱ्यात लॅपटॉपसमोर मान खाली घालून बसलेली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. परवानगी माझी होती. काम माझ्या घरी, माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. मी तेवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. पण मी काय बोलले?

“अगं, थोडं थांबून केलं असतंस तर बरं झालं असतं.”

बस्स. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सूनबाई केंद्रावर आली नाही. “घरी काम आहे,” असा निरोप आला.

पूर्वी घरात नवी सून आली आणि त्याच आठवड्यात दूध नासलं, म्हैस आटली, कुणी आजारी पडलं, की म्हणायचे, पांढऱ्या पायाची आली. आपण सुशिक्षित बायका हे असलं काही मानत नाही. पण आम्ही बाराजणींनी मिळून नेमकं तेच केलं होतं. एक नव्हे, दोन नव्या सुनांवर खापर फोडलं होतं. एक ती पोर आणि दुसरं ते लिनक्स!

चटणीची आठवण

त्या रात्री मला झोप येईना. पडल्या पडल्या चटणीची गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी आमची शेंगाचटणी खवट झाली म्हणून दुकानदारानं दोन पेट्या परत केल्या होत्या. त्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही शेंगदाण्याचा व्यापारी बदलला होता. सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं, शेंगदाणा जुना दिला मेल्यानं. त्याच्याशी संबंध तोडले. पुढच्या महिन्यात चटणी पुन्हा खवट! तेव्हा कुठे ध्यानात आलं, की त्याच आठवड्यात आम्ही नवी पाकिटंही आणली होती, आणि ती आमच्या मशीनवर नीट चिकटतच नव्हती. कडेनं हवा आत जात होती. पाकिटं बदलली, चटणी सुधारली. पण तो चांगला व्यापारी काही परत आला नाही.

एका आठवड्यात दोन बदल झाले होते आणि आम्ही त्यातला एकच मोजला होता. जो डोळ्यांत भरला तो!

मी उठून बसले. शनिवारी लॅपटॉप दिवसभर नीट चालला होता. लिनक्स टाकल्यानंतर चालला होता! मग शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ यामध्ये काय झालं?

शेजारी हे घोरत होते. त्यांना हलवून विचारलं, “अहो, शनिवारी तुम्ही तो लॅपटॉप कुठे नेला होता?”

“स्टँडजवळच्या दुकानात. तुझ्या भाच्यानंच सांगितलं होतं ना, मेमरी वाढवा म्हणून. चार जीबीची पट्टी टाकून आणली. झोप आता.”

खरंच की! आम्ही ते बदलात धरलंच नव्हतं. रॅम वाढवणं म्हणजे यंत्राला खुराक देणं. खुराकानं कधी कुणी आजारी पडतं का? पडतं हो, खुराकच नासका असेल तर!

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. एकदा घाईनं खापर फोडून झालं होतं. आता दुकानदाराच्या डोक्यावर तसंच फोडायचं नव्हतं.

देवीपुढचा डबा

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. संध्याकाळी देवीच्या दर्शनाचं निमित्त काढून मी मावशींकडे गेले. लॅपटॉप पिशवीत होता. मावशींनी हळदीकुंकू लावलं, दूध दिलं, पण चेहरा घट्टच. सूनबाई आतून आली. मी सरळच म्हटलं, “अगं, माझं चुकलं. परवानगी मी दिली होती आणि बोलणी तू खाल्लीस. हे शोधून काढायला मला तुझी मदत पाहिजे.”

ती काही बोलली नाही. देवघराखालच्या फळीवरून तिनं एक बिस्किटांचा डबा काढला. त्यात दोन पेनड्राइव्ह होते. “ताई, हिशेबाची काळजी करू नका. लिनक्स टाकायच्या आधी सगळ्या फायली दोन ठिकाणी उतरवून ठेवल्यात. एक घ्या, एक राहू दे इथंच.”

तीन वर्षांचा हिशेब देवीच्या पायाशी सुखरूप होता, आणि आम्ही तीन दिवस त्या पोरीला घालूनपाडून बोलत होतो! तिला कुणी विचारलंच नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं. ज्याला आधीच दोषी धरलंय त्यानं बोलावं तरी कुणाशी?

एका वेळी एकच गोष्ट

तिथेच, मावशींच्या ओसरीवर, आम्ही शंभर पानी वही घेऊन बसलो. फोनवर भाचा. त्यानं पहिल्यांदा एकच नियम घालून दिला. “आत्या, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय झालं ते लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानं आला ते कळत नाही.” औषधाचंही तेच असतं की!

आधी वेळा लिहिल्या. लॅपटॉप सुरू केल्यापासून परत फिरेपर्यंत किती मिनिटं. चार, अकरा, चिन्हावरच, दोन, एकोणीस. कुठलाच मेळ नाही. भाचा म्हणाला, “हे महत्त्वाचं. लिनक्स नीट बसलं नसेल किंवा पडद्याचं ड्रायव्हर जुळत नसेल, तर बहुतेक वेळा तो एका ठरावीक जागीच अडतो. इथं जागा ठरलेली नाही.”

मग प्रिंटर, माउस, सगळं काढलं. तरी परत फिरला. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवला. तरी परत फिरला. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवला. तेच. म्हणजे विजेचा दोष वाटत नव्हता.

तापतोय का? खाली हात लावून पाहिला. थंडगार. डिसेंबरच्या गारठ्यात, सुरू केल्यावर दुसऱ्या मिनिटाला जो बंद पडतो, तो तापून पडतोय असं कसं म्हणणार?

मग खरी परीक्षा. लिनक्सच्या पेनड्राइव्हची एक खुबी आहे. डिस्कवरचं काहीही न वापरता ते थेट पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतं. आमच्या लॅपटॉपला सुरू होताना एफ-बारा हे बटण दाबलं की पेनड्राइव्ह निवडता येतो. दर कंपनीचं हे बटण वेगळं असतं. तसं चालवलं. सात मिनिटांत खट्! म्हणजे डिस्कवर बसवलेल्या लिनक्सचाही दोष नाही आणि डिस्कचाही नाही. तोच पेनड्राइव्ह शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपला लावला. दीड तास मजेत चालला.

तोवर मावशी वाती वळत वळत जवळ येऊन बसल्या होत्या. “म्हंजे त्या फुकटच्याचा दोष न्हाई म्हना की,” त्या हळूच म्हणाल्या.

“नाही मावशी.”

“मंग कुनाचा?”

मोडक्या फरशीचा ओटा

आता रॅमकडे वळू. रॅम म्हणजे काय, हे सूनबाईनं सासूबाईंना ज्या शब्दांत सांगितलं, ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा आवडलं.

“आई, डिस्क म्हणजे आपली कोठीची खोली. सगळं सामान तिथं. आणि रॅम म्हणजे ओटा. स्वयंपाकाला लागेल तेवढं सामान काढून ओट्यावर मांडतो ना आपण, तसं संगणक कामापुरतं रॅमवर मांडतो. काम झालं की ओटा रिकामा. आता समजा, ओट्याची एकच फरशी डगमगती आहे. त्या फरशीवर भांडं ठेवलं नाही तर स्वयंपाक पार पडतो. पण कधी ना कधी नेमकं दुधाचं पातेलं तिथंच येतं आणि सांडतं.”

म्हणून वेळेचा मेळ नव्हता! कधी दुसऱ्या मिनिटाला पातेलं त्या फरशीवर यायचं, कधी एकोणिसाव्या.

ही डगमगती फरशी शोधायला मेमटेस्ट नावाचा मोफत प्रोग्राम असतो. लिनक्सच्या पेनड्राइव्हवर सुरुवातीच्या यादीत बऱ्याचदा तो ‘मेमरी टेस्ट’ म्हणून असतोच. तो रॅमच्या प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी लिहितो, पुन्हा वाचतो आणि लिहिलं तेच वाचलं का ते पाहतो. आम्ही तो लावला आणि दूध प्यायला वळलो. परत आलो तर पडद्यावर लाल ओळींची रांग! एकही लाल ओळ यायला नको असते. आमच्याकडे मोजता येऊ नयेत इतक्या.

पण रॅमच्या पट्ट्या दोन होत्या. एक मूळची, एक नवी. दोष कुणाचा? लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, बॅटरी काढली. अंगात साठलेली वीज त्या नाजूक वस्तूला बाधते म्हणून आधी लोखंडी कपाटाला हात लावला. मागचं छोटं झाकण स्क्रूड्रायव्हरनं उघडलं. पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर सारल्या की पट्टी आपोआप तिरकी वर येते. हे सगळं सूनबाईनं केलं, विजेरी मावशींनी धरली आणि मी वही.

नवी पट्टी काढून फक्त जुनी ठेवली. लाल ओळ नाही. मग जुनी काढून तिच्याच जागी नवी बसवली. कारण दोष पट्टीचा की ती बसवायच्या जागेचा, हेही पाहायला हवं ना! पुन्हा लाल ओळी. आता मात्र शंका उरली नाही. फक्त जुन्या पट्टीवर रात्रभर परीक्षा चालू ठेवली. सकाळी पडदा स्वच्छ.

शुक्रवारी लॅपटॉप दिवसभर चालवला. एकदाही परत फिरला नाही. इतक्या वेळा धाडकन बंद पडल्यानं डिस्कवरच्या फायलींना इजा झाली असेल, म्हणून रिकव्हरी मोडमध्ये जाऊन डिस्कची तपासणीही केली. सुदैवानं सगळं शाबूत होतं. सोमवारी हिशेबाची छापील फाइल बँकेत गेली, मुदतीच्या चांगली आठवडाभर आधी.

दुकानदाराकडे मी आणि सूनबाई दोघी गेलो, वही घेऊन. भांडायला नव्हे, दाखवायला. त्यानं पट्टी आपल्या मशीनवर लावून पाहिली आणि मान्य केलं. “ताई, जुन्या लॅपटॉपमधून काढलेली होती. तपासून द्यायला हवी होती.” पट्टी बदलून दिली. या वेळी ती लावल्यावर आम्ही रात्रभर मेमटेस्ट चालवला आणि मगच तिला घरात घेतली!

भर बैठकीत

गटाच्या पुढच्या बैठकीत मी सगळी हकीकत वाचून दाखवली. वहीतल्या वेळांसकट. आणि मग म्हटलं, “बुधवारी याच जागी, तुम्हा सगळ्यांसमोर मी हिला बोलले. म्हणून माफीही तुम्हा सगळ्यांसमोरच मागते.”

क्षणभर कुणी काही बोलेना. मग मावशी उठल्या. मला वाटलं, आता काय ऐकावं लागतंय! त्या म्हणाल्या, “तीन दीस माझ्या सुनंला बोल लावला सगळ्यांनी. मीबी लावला. आन् नासकी निघाली ती पट्टी! तिला धाडली का न्हाई माहेरी?”

सगळ्या बायका खो खो हसल्या. सूनबाईही हसली. पण त्या हसण्यात मी तिच्या डोळ्यांकडे पाहत होते. ते तीन दिवस तिच्या मनातून पुसले जातील असं मला वाटत नाही. माझ्याही नाही.

दुपारी भांडी पडली तर? हा प्रश्न काही सुटलेला नाही. मावशी अजून कुरकुरतात. पण आता सूनबाई दोन तास येते, आणि कधीमधी मावशीच म्हणतात, “जा, जा, तुझा तो ओटा बघ आधी.”

बैठक संपल्यावर मी तिला विचारलं, “केंद्रासाठी काही आणायचं का गं?”

“एक चांगला स्क्रूड्रायव्हर. आणि एक वही.”

ती वही आता लॅपटॉपच्या पिशवीतच असते. नाव ‘बदलवही’. यंत्रात काहीही बदललं, मग ते लिनक्स असो, रॅम असो की नुसता माउस, त्याची तारीख त्यात पडते. पाकिटं, शेंगदाणा, मीठ बदललं तरी तारीख पडते. म्हणजे उद्या काही बिघडलं तर आधी वही उघडायची, तोंड नंतर.

तुमचा लॅपटॉपही सारखा परत फिरतोय?

१. सर्वात आधी फायली दुसरीकडे उतरवून ठेवा. लिनक्स टाकायच्या आधी तर नक्कीच. ‘डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय निवडला तर जुनं सगळं जातं.

२. लिनक्स बसवल्यावर पेनड्राइव्ह काढलाय ना, ते पाहा. तो तसाच राहिला तर लॅपटॉप पुन्हा बसवण्याच्याच पडद्यावर येऊ शकतो आणि आपल्याला वाटतं, बिघडला.

३. किती वेळानं आणि कुठे परत फिरतो, ते पाच-सहा वेळा लिहा. दरवेळी एकाच जागी अडत असेल तर पडद्याच्या ड्रायव्हरचा संशय घ्या. पेनड्राइव्हच्या यादीतला ‘कंपॅटिबिलिटी मोड’ वापरून पाहा. त्यात नीट चालला तर लिनक्समधल्या ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर टाकता येतं.

४. पंधरा-वीस मिनिटांनी, तापल्यावरच बंद पडत असेल तर पंख्यातली धूळ साफ करून घ्या. लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका. खालची हवा कोंडते.

५. वेळेचा काहीच मेळ नसेल तर मेमटेस्ट लावा, शक्यतो रात्रभर. एकही लाल ओळ आली तरी रॅम तपासून घ्या.

६. बॅटरी फुगलेली दिसली तर काहीही न करता लॅपटॉप बंद करा आणि जाणकाराकडे न्या. तिथे प्रयोग नको.

७. आणि शेवटचा प्रश्न स्वतःला विचारा. यंत्र नीट चालत होतं तो शेवटचा दिवस कुठला, आणि त्यानंतर काय काय बदललं? ‘काय’ नव्हे, ‘काय काय’!